आकाशातल्या अदृश्य बारवा

दोन विमानं एकमेकांवर आदळायच्या मार्गावर असतील, तर वैमानिकाला समोरचं विमान काचेत हलताना दिसतच नाही. दोघांचा वेग आणि दिशा बदलत नसेल, तर एकमेकांकडे पाहण्याचा कोनही बदलत नाही. मग ते दुसरं विमान काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखं चिकटून बसतं. हलणारी वस्तू डोळा चटकन टिपतो. स्थिर ठिपका मात्र काचेवरच्या धुळीत, मेलेल्या चिलटांत हरवून जातो. जे विमान काचेतून सरकताना दिसतं, ते बहुधा बाजूने निघून जाणारं असतं. भीती बाळगायची ती न हलणाऱ्याची.

थोडं गणित करून पाहू. उतरत आलेलं जेट २५० नॉटने आणि छोटं विमान ११० नॉटने समोरासमोर येत असेल, तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला साधारण १८५ मीटरने कमी होतं. दुसरं विमान दिसणं, ते आपल्यावरच येतंय हे उमगणं, निर्णय घेणं, हात हलणं आणि विमानाने वळायला लागणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद धरावेत, असं अमेरिकी विमान वाहतूक प्रशासन सांगतं. म्हणजे ठिपका किमान २.३ किलोमीटरवर असतानाच दिसायला हवा. तेवढ्या अंतरावर दहा मीटर पंखांचं छोटं विमान पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीएवढं दिसतं. तेही समोरून पाहिलं तर. आणि समोरून विमान म्हणजे एक बारीक आडवी रेघ.

या ठिपक्यावर किती विसंबायचं, यावरून ऑस्ट्रेलियात दोन दशकांहून अधिक काळ वाद पेटलेला आहे. एका बाजूला हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर. दुसऱ्या बाजूला स्वतःचं विमान स्वतः उडवणारे खासगी वैमानिक. सगळे नव्हेत, पण त्यांच्यातले सर्वांत मोठ्या आवाजाचे.

वाद समजायचा तर आधी आकाश नीट पाहायला हवं. आपल्याला ते सलग निळं दिसतं, पण नकाशावर त्याचे कप्पे असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनी त्यांचे 'ए' ते 'जी' असे सात वर्ग केले आहेत. मोठ्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश तर पायऱ्यांच्या बारवेसारखं असतं: वर ऐसपैस, खाली येत येत अरुंद, आणि तळाशी धावपट्टी. 'सी' वर्गात शिरायचं तर छोट्यातल्या छोट्या विमानालाही कंट्रोलरची परवानगी लागते, आणि त्याला प्रवासी विमानापासून दूर ठेवायची जबाबदारी कंट्रोलरची. 'जी' वर्गात कुणाची परवानगी लागत नाही. मधला 'ई' वर्ग मात्र विलक्षण. त्यात उपकरणांच्या नियमांनी उडणारी प्रवासी विमानं कंट्रोलरच्या हाताखाली असतात. पण स्वच्छ हवेत डोळ्यांनी पाहून उडणारा खासगी वैमानिक कुणालाही न विचारता मधून जाऊ शकतो. एकाच आकाशात काहींना पहारा, काहींना मोकळीक. दोघांमधला दुवा म्हणजे खिडकीची काच, आणि छोट्या विमानातला ट्रान्सपॉन्डर, जो आपली उंची आणि ओळख रेडिओने सांगत राहतो.

२७ नोव्हेंबर २००३ रोजी ऑस्ट्रेलियाने आपलं आकाश एका रात्रीत बदललं. अमेरिकी नमुन्यावर आखलेल्या 'नॅशनल एअरस्पेस सिस्टिम'चा हा मोठा टप्पा होता. अनेक प्रादेशिक विमानतळांच्या वरचं 'सी' आकाश 'ई' झालं. खासगी वैमानिकांच्या नकाशांवरून रेडिओ-कंप्रतांच्या सीमारेषा पुसल्या गेल्या आणि त्यांना सांगण्यात आलं की, कंट्रोलरच्या कंप्रतेवर उगाच आपला ठावठिकाणा जाहीर करत बसू नका.

या बदलामागचा सर्वांत ठसठशीत माणूस म्हणजे डिक स्मिथ. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून श्रीमंत झालेला, हेलिकॉप्टरने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेला, १९७८च्या १ एप्रिलला सिडनीच्या बंदरात खोटा हिमनग ओढत आणून शहराला एप्रिल फूल बनवणारा उद्योजक. देशाच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचं अध्यक्षपद त्याने दोनदा भूषवलं. त्याचं म्हणणं विनोदी मात्र नव्हतं. अमेरिकेत ऑस्ट्रेलियाच्या कितीतरी पट विमानं उडतात आणि तिथलं बहुतेक आकाश 'ई' आहे. मग विरळ वस्तीच्या या देशाला एवढा पहारा कशाला? त्याचा दुसरा मुद्दा मला अधिक भेदक वाटतो. टक्कर होण्याची शक्यता धावपट्टीच्या आसपास, कमी उंचीवर, सर्वांत जास्त असते. ऑस्ट्रेलियाने मात्र कडक 'सी' वर ठेवला होता आणि त्याच्याखाली, विमानतळाच्या नियंत्रण-मनोऱ्याभोवती, तुलनेने सैल 'डी'. म्हणजे बारव उलटीच बांधलेली. कंट्रोलरचं लक्ष ही मोजकी गोष्ट. ती धोका असेल तिथे खर्च करा, असा त्याचा हिशेब होता.

कंट्रोलरांच्या संघटनेने, 'सिव्हिल एअर'ने, कडाडून विरोध केला. अनेक प्रवासी वैमानिकही त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं उत्तर एका शब्दात सांगायचं तर 'रडार'. अमेरिकेत 'ई' आकाशाच्या फार मोठ्या भागावर रडार आहे. कंट्रोलरला अनोळखी विमान निदान पडद्यावर दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या अफाट भागात, कमी उंचीवर तर नक्कीच, पडदा कोराच. मग नमुना अर्धाच उचलल्यासारखं नाही का?

माझ्या मते भांडणाचा खरा गाभा मात्र त्या पुसलेल्या रेषांमध्ये आणि रेडिओवरच्या शांततेत होता. ऑस्ट्रेलियाच्याच हवाई सुरक्षा तपास विभागाने १९९१मध्ये 'पाहा आणि टाळा' या तत्त्वाच्या मर्यादांवर एक अहवाल काढला होता. डोळ्याचा अगदी मधला इवलासा भागच बारीक तपशील पाहू शकतो, रिकाम्या आकाशाकडे पाहताना नजर आपोआप जवळच स्थिरावते, विमानाच्या चौकटी दृश्य झाकतात, अशा सगळ्या गोष्टी त्यात होत्या. त्यातलाच एक आकडा असा: दुसरं विमान कुठे आहे हे आधी कुणी सांगितलं असेल, तर ते शोधण्याची परिणामकारकता आठ पट वाढते. कुणीतरी नुसतं म्हणायला हवं, 'उजवीकडे बघ'. आणि सुधारणेने नेमकं तेच बोलणं कमी केलं. सुधारकांना वाटत होतं, कंप्रता गजबजली तर महत्त्वाचा निरोप बुडेल. तेही खोटं नव्हे. पण आठ पटींपुढे ते मला तोकडं वाटतं.

महिनाही उलटला नाही. २४ डिसेंबर २००३ रोजी टास्मानियात लाँसेस्टनकडे उतरत असलेलं एक बोइंग ७३७ आणि एक छोटं टोबॅगो 'ई' आकाशात एकमेकांच्या धोकादायक जवळ आले. बोइंगमधल्या टक्करविरोधी यंत्राने इशारा दिला. हे यंत्र समोरच्याच्या ट्रान्सपॉन्डरला प्रश्न विचारून चालतं; त्याने तो चालूच केला नसता, तर यंत्रही आंधळं. सुधारक म्हणाले, बघा, यंत्रणेने काम केलं. कंट्रोलर म्हणाले, शेवटची कडी तेवढी उरली होती. एकच घटना, दोन्ही बाजूंचा पुरावा.

अखेर निकाल लागला तो कायद्याच्या वाटेने. निर्णय घेताना आवश्यक ती सुरक्षा-तपासणी नीट झालेली नव्हती, असा कायदेशीर सल्ला पुढे आला आणि नोव्हेंबर २००४मध्ये त्या विमानतळांवरचं 'सी' आकाश परत आलं. पुढे २००७च्या कायद्याने आकाश आखण्याचा अधिकार कंट्रोलर पुरवणाऱ्या संस्थेकडून काढून सुरक्षा नियामकाकडे दिला. तोवर सेवा देणारा आणि आकाशाच्या सीमा ठरवणारा एकच होता.

नंतर बाजू अनपेक्षित रीतीने फिरल्या. १९ फेब्रुवारी २०२० रोजी व्हिक्टोरिया राज्यातल्या मंगलोरजवळ (हो, नाव तेच) प्रशिक्षणाची दोन विमानं आदळून चार जण गेले. आकाश 'जी', पण दोन्ही विमानं उपकरणांच्या नियमांनी उडत होती, आणि कंट्रोलरने दोघांनाही एकमेकांविषयी सांगितलं होतं. म्हणजे 'उजवीकडे बघ' एवढंही दर वेळी पुरत नाही. पुढच्याच वर्षी पूर्व किनाऱ्यावर 'ई' आकाशाचा तळ जमिनीपासून १,५०० फुटांपर्यंत खाली आणायचा प्रस्ताव आला. खाली पसरलेला 'ई' ही तर सुधारकांची जुनीच मागणी. पण आता खासगी आणि हौशी वैमानिकांतूनच ओरड झाली. 'ई'मध्ये ट्रान्सपॉन्डर लागतो, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या हलक्या विमानांत तो नव्हताच. प्रस्ताव मूळ रूपात काही टिकला नाही.

मंगलोरच्या तपास अहवालाने बोट ठेवलं ते तिसऱ्याच गोष्टीवर. दोन्ही विमानं आपापली जागा उपग्रहाच्या आधारे रेडिओवर प्रसारित करत होती. कंट्रोलरच्या पडद्यावर ती उमटत होती. फक्त एकमेकांची जागा दाखवणारा पडदा दोघांच्याही समोर नव्हता. तो असता तर दुसरं विमान कुठे आहे हे त्यांना कितीतरी आधी कळलं असतं, असं अहवाल म्हणतो. इतर विमानांची जागा टिपणारं छोटेखानी यंत्र आता काचेला चिकटवून हातातल्या टॅबलेटशी जोडता येतं, आणि २०२२पासून ऑस्ट्रेलियन सरकारने खासगी वैमानिकांना त्याच्या निम्म्या किमतीपर्यंत अनुदान देऊ केलं.