गुप्त निरोपाचा पहिला धडा

संगणकाची भाषा नव्याने शिकणाऱ्यास गुप्त संदेशाचा प्रोग्रॅम लिहावयास सांगितले, की तो थेट कळफलकाकडे धाव घेतो. त्याला आधी कागद-पेन्सिलीकडे वळविणे, हीच खरी मदत होय.

आरंभासाठी रोमन सेनानी ज्युलियस सीझरची रीत सोयीची आहे. चरित्रकार सुटोनियसच्या नोंदीनुसार सीझर खासगी पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी त्यापुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. आपल्या वर्णमालेतील ‘क’ ते ‘म’ ही २५ व्यंजने घेऊन त्यांना ० ते २४ असे क्रमांक द्यावेत आणि ‘नमन’ हा शब्द दडवून पाहावा. ‘न’चा क्रमांक १९, त्यात ३ मिळविले की २२, म्हणजे ‘ब’. ‘म’चा क्रमांक मात्र २४, बेरीज २७ होते आणि त्या क्रमांकाचे अक्षरच नसते. नवशिक्या नेमका येथे अडतो. अशा वेळी उत्तर न सांगता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवावे. बारानंतर तेथे पुन्हा एक वाजतो. २७ ला २५ ने भागल्यावर बाकी २ उरते, म्हणजे ‘ग’. संदेश तयार झाला : ‘बगब’.

उलगडताना ३ वजा करावयाचे. ‘ग’साठी २ वजा ३, म्हणजे उणे १. पायथॉन भाषेत याची बाकी २४ मिळते व ‘म’ परत येतो. सी भाषेत उणे १ च हाती राहतो. म्हणून बाकी काढण्यापूर्वी २५ मिळविण्याची सवय लावलेली बरी.

प्रोग्रॅम चालू लागला, की तो संदेश त्या विद्यार्थ्याकडूनच फोडून घ्यावा. किल्ली ठाऊक नसली तरी शक्यता अवघ्या २४! काही मिनिटांतच ‘नमन’ उघडे पडते. याउलट, अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण ठरविलेल्या ‘एईएस’ पद्धतीत सर्वांत लहान किल्लीच्याही शक्यतांची संख्या ३९ आकडी आहे. ही पद्धत जगजाहीर आहे. गुपित आहे ते केवळ किल्लीत. ऑगुस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच हे तत्त्व मांडले होते.

एटीएमच्या पिनमधील प्रत्येक अंकात ठरावीक संख्या मिळवून तो डायरीत लिहून ठेवणाऱ्यांनी हा धडा अवश्य गिरवावा. अंक दहाच असल्याने तेथे शक्यता फक्त ९ उरतात. पिन लिहून ठेवू नये आणि कोणालाही, अगदी बँक कर्मचाऱ्यालाही, सांगू नये. कुलूप कितीही भक्कम असले, तरी किल्ली जपणे शेवटी आपल्याच हाती असते.