दगडाचा वेष आणि क्षणाची झडप

आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, कापसाच्या काळ्या रानांत वसलेले आहे. परंतु दबा धरून शिकार करणारा मासा पाहण्यासाठी या मुलखातील माणसाला समुद्र गाठण्याचे कारण नाही. तळ्यातला मरळ मासा त्याला परिचयाचा असतो. चिखलाशी एकरूप होणारी काळपट पाठ, अंगावर तिरके पट्टे. पाणगवताच्या आडोशाला तो निश्चल राहतो, आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की एका झडपेत त्याला गिळतो. तेलंगणाने २०१६ साली राज्यमासा म्हणून मान दिला तो याच माशाला. त्याच तळ्याच्या काठी उभा असलेला बगळाही याच पंथातला. त्याच्या स्तब्धतेवरून ‘बकध्यान’ हा शब्द भाषेत रूढ झाला.

शिकारीच्या रीती मुख्यतः दोन : पाठलाग आणि प्रतीक्षा. पाठलागात शक्तीचा व्यय फार, आणि सावज निसटले तर तो सारा व्यर्थ. प्रतीक्षेत शक्ती वाचते. मात्र तिची अट कठोर आहे. शिकारी समोर असूनही सावजाला दिसता कामा नये. ही अट उष्ण कटिबंधातील प्रवाळभूमीवरच्या काही माशांनी जितक्या पूर्णतेने पाळली आहे, तितकी अन्य प्राण्यांत क्वचितच आढळते.

प्रवाळ म्हणजे चुन्याचे कवच रचणाऱ्या सूक्ष्म जीवांची वसाहत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कवचांचे थर साचून समुद्रात जणू दगडी नगरे उभी राहतात. भारतात लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे अशी नगरे आहेत. महाराष्ट्रातही सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवर प्रवाळ वाढतात, आणि तेथील मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. या नगरांच्या सांदीकोपऱ्यांत असंख्य लहान मासे, कोळंबी व खेकडे आश्रय घेतात. जेथे वस्ती दाट, तेथे दबा धरणाराही आलाच.

त्यांतला पहिला दगडमासा. खडबडीत, चामखिळीसारख्या उंचवट्यांनी भरलेली कातडी, तिच्यावर वाढणारे शेवाळ आणि वर वळलेले तोंड. पुढचे पर फावड्यासारखे वापरून तो वाळूत अर्धवट गाडून घेतो व तासन्‌तास हलत नाही. त्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास आटोपते. पाठीवर सुमारे १३ काटे असतात आणि प्रत्येक काट्याच्या दोन्ही अंगांना विषाच्या पिशव्या. ज्ञात माशांमध्ये हा सर्वांत विषारी मानला जातो. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हे विष शिकारीसाठी नसून केवळ स्वसंरक्षणासाठी आहे. मासा आपण होऊन कोणावर चालून जात नाही. दगड समजून कोणी पाय दिला, तरच त्या दाबाने विष अंगात शिरते. वेदना असह्य असते. हे विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने निकामी होते. म्हणून दंश झालेला भाग सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सियस उष्ण पाण्यात बुडवून ठेवतात आणि विनाविलंब रुग्णालय गाठतात. यावरील प्रतिविष ऑस्ट्रेलियात १९५९ साली तयार झाले.

त्याचाच आप्त विंचूमासा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना २०२० साली मन्नारच्या आखातात, सेतुकरै किनाऱ्याजवळील समुद्री गवतात, या कुळातील एक दुर्मिळ मासा जिवंत सापडला. प्रथमदर्शनी तो मासा आहे की मृत प्रवाळाचा तुकडा, हेच कळेना. स्पर्श होताच अवघ्या चार सेकंदांत त्याचे पांढरे अंग काळ्या ठिपक्यांनी भरून गेले.

तिसरा बेडूकमासा, आणि या सर्वांत तोच अधिक कल्पक. पाठीवरच्या पराचा पहिला काटा त्याच्या नाकाडावर येऊन गळाची काठी झाला आहे, आणि तिच्या टोकाला कृमी वा कोळंबीसारखे दिसणारे मांसल आमिष आहे. मासा स्थिर राहतो. हलते ते केवळ आमिष. त्याला भुलून सावज जवळ आले की तोंड एकाएकी कित्येक पटींनी विस्तारते आणि पाण्याबरोबर सावज आत ओढले जाते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अतिवेगवान चित्रणावरून असे दिसले, की यास सेकंदाचे सहा हजारांश इतकाच अवधी पुरतो. पापणी लवण्यास याहून कितीतरी अधिक काळ लागतो. या माशाचा भूमध्य समुद्रातील एक दूरचा नातलग असाच गळ टाकतो, हे ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

बेडूकमासा पोहण्यापेक्षा परांवर चालणे पसंत करतो, आणि ज्या स्पंजाशेजारी वा प्रवाळाशेजारी बस्तान मांडतो, त्याचा रंग काही दिवसांत वा आठवड्यांत अंगीकारतो. येथेच या विद्येची मर्यादा उघड होते. प्रवाळांचे रंग त्यांच्या देहात वसणाऱ्या सूक्ष्म शैवालाचे असतात, आणि हेच शैवाल त्यांचे बहुतांश अन्न निर्माण करते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून अंशभर जरी अधिक तापले व काही आठवडे तसेच राहिले, तरी हे शैवाल बाहेर टाकले जाते, आणि प्रवाळ पांढरेफटक पडून उपासमारीने मरू लागतात. लक्षद्वीपने हे संकट १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी अनुभवले. शेजारच्या मालदीवमध्ये २०१५ साली प्रवाळ असेच पांढरे पडले, तेव्हा तेथील बेडूकमासेही पांढरे झाल्याचे निरीक्षकांनी नोंदविले.

वेष बदलण्याचे हे कौशल्य थोर खरे; पण ते पुरेसे नाही. पांढरा झालेला मासा पांढऱ्या प्रवाळावर लपू शकेल, परंतु मेलेले प्रवाळ कालांतराने झिजून ढासळतात, त्यांतले आडोसे नाहीसे होतात आणि तेथे आसरा घेणारे लहान मासेही ओसरतात. मग आमिष कोणापुढे नाचवावे? तळे आटले तर मरळाच्या काळपट पाठीचा जसा काही उपयोग नाही, तसेच हे आहे. प्रतीक्षेवर जगणाऱ्याला दोन गोष्टी लागतात : लपण्यास जागा आणि येणारे सावज. दोन्ही देणारा प्रवाळ जिवंत राहिला, तरच त्याचे बकध्यान फळास येईल.