बाहेरचे आले की मजुरी पडते का?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील, उरल्या त्या माझ्या. मैत्रिणी म्हणाल्या, इंग्रजी विभागात लिही. पण हा लेख ज्यांनी वाचावा असं मला वाटतं, ते आमचे वॉचमन काका इंग्रजी पानं उघडतच नाहीत.

विषय काकांनीच काढला. होस्टेलच्या नव्या विंगचं काम चालू आहे. सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, सगळे परराज्यातले. काका म्हणाले, "ही माणसं आली आणि आमच्या गावच्या पोरांची हजेरी पडली. भाव वाढवून मागितला की ठेकेदार म्हणतो, जा, दुसरे तयार आहेत." मेसमध्ये दोघातिघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. कारण मी विसरवाडीची, आणि आमच्याकडची माणसं दुसऱ्या राज्यात जाऊन नेमकं हेच करतात. तिथले 'बाहेरचे' म्हणजे आम्ही!

विसरवाडी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला नवापूर तालुका, धुळे-सुरत हायवेवर. कोंडाईबारीचा घाट उतरलात की आलंच. पुढे नवापूरचं रेल्वे स्टेशन, जे अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातल्या पाड्यांवर ट्रक येतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लहान पोरं, सगळं चढतं आणि ट्रक सोनगड, व्यारामार्गे बारडोलीकडे जातो. ऊसतोडीला. परत येणं उन्हाळ्यात. माझे मामा-मामी अशीच जातात. माझ्या फर्स्ट इयरच्या फीचा एक भाग मामाच्या उचलीतून आला होता, म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता थिअरीचा नाही.

आता थिअरी. काकांचं म्हणणं म्हणजे अर्थशास्त्राचं पहिलं पान: माल वाढला की भाव पडतो, मग मजूर वाढले की मजुरी पडणारच. पण काम हे काही ठराविक मापाचं पातेलं नसतं, की खाणारे वाढले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचं कमी झालं. आलेला माणूस जेवतो, खोली भाड्याने घेतो, चप्पल घेतो, म्हणजे नवं काम तयार करतो. शिवाय माणसं मिळतात म्हणून जास्त इमारती उभ्या राहतात.

याची एक प्रसिद्ध परीक्षा अमेरिकेत झाली. 1980 मध्ये क्युबातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत बोटींनी आले, त्यातले बरेच मायामीतच राहिले, आणि तिथले कामगार एकदम 7 टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये आकडे तपासले, तर तिथल्या अकुशल कामगारांच्या मजुरीवर जवळजवळ परिणाम दिसला नाही. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं. मात्र जॉर्ज बोर्हास यांनी 2017 मध्ये तेच आकडे वेगळे गट पाडून पाहिले आणि म्हणाले, ज्यांचं हायस्कूलही पूर्ण नव्हतं त्यांची मजुरी चांगलीच घसरली. भांडण अजून चालू आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड तोच, पण सपोर्ट कुठे धरलेत त्यावर उत्तर बदलतं.

आपल्याकडचाही एक पुरावा काकांच्या बाजूने आहे. 2006 मध्ये रोजगार हमीचा केंद्रीय कायदा पहिल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला, त्यात नंदुरबार होतं. इम्बर्ट आणि पॅप या दोघांनी दाखवलं की जिथे गावातच असं काम मिळालं तिथून शहराकडे जाणं कमी झालं आणि शहरातल्या अकुशल कामाची मजुरी वाढली. म्हणजे काका अगदीच चुकीचे नाहीत.

पण बारडोलीची गोष्ट ऐका. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकांनी 1970 च्या दशकात तिथल्या ऊसतोड कामगारांवर लिहिलं. बारडोलीच्या आसपास भूमिहीन हळपती मजूर मुबलक होते. तरी सहकारी साखर कारखाने तोडणीसाठी माणसं आणत होते आमच्या खानदेशातून, आणि दक्षिण गुजरातचे हळपती मुंबईजवळच्या वीटभट्ट्यांवर जात होते! स्थानिकांना काम येत नव्हतं असं नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते, म्हणून गाडी रात्री दोनला आली तरी टोळी उठली पाहिजे. स्वतःच्या घरात झोपणारा माणूस दोनला उठत नाही. शेताच्या कडेला पालात राहणारा उठतो. त्याला तिथे नातेवाईक नाहीत, भाषा आपली नाही, आणि सीझन संपला की तो आपोआप निघून जातो.

तर माझं म्हणणं असं, की मजुरी नुसत्या डोक्यांच्या संख्येने पडत नाही. आलेला माणूस 'नाही' म्हणू शकतो का, यावर बरंच ठरतं.

मामा का म्हणू शकत नाही ते बघा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. तिथेच मामा-मामींचा पुढचा सीझन विकला जातो. तिकडे गेल्यावर पंधरा दिवसांनी धान्य आणि थोडी खर्ची मिळते, बाकीचा हिशेब शेवटी, उचल आणि तिचं व्याज कापून. मध्येच निघून आलं तर हिशेबावर पाणी. गंमत म्हणजे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात आणि पैसे टनावर मिळतात. महाराष्ट्रात जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली तेव्हा दर टनाला साधारण 367 रुपये झाला. दोघांनी दिवसभर राबून दोन टन तोडला, तर माणशी 367. गुजरातेतला दर तर बराच काळ याहूनही कमी होता. आणि मामीचे पैसे वेगळे तिच्या हातात कधीच येत नाहीत, ते मामाच्या नावावर लागतात.

मग बाहेरच्यांना बंदी केली तर? तेही अमेरिकेत करून झालं. मेक्सिकोतून शेतमजूर आणायची योजना 1964 मध्ये बंद केली, का तर स्थानिकांची मजुरी वाढावी. मायकल क्लेमेन्स वगैरेंनी 2018 मध्ये तपासलं, तर तशी वाढ झालेली दिसली नाही. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायला मशिनं आली. आपल्याकडेही ऊसतोडणीचे हार्वेस्टर आलेच आहेत. मेकॅनिकलवाल्यांनी त्याचं ड्रॉइंग जरूर बघावं, मशीन म्हणून सुंदर आहे. मी बघितलं तेव्हा मला मात्र मामीच आठवली.

1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता (आता तो 2020 च्या श्रमसंहितेत सामावला आहे). त्यात म्हटलं होतं की सारख्या कामाला स्थानिकाइतकीच मजुरी द्यायची आणि प्रत्येकाला फोटोचं पासबुक द्यायचं, त्यात दर लिहायचा. ते पाळलं गेलं असतं तर बाहेरून माणूस आणणं स्वस्त पडलंच नसतं, आणि काकांच्या गावच्या पोरांची हजेरीही टिकली असती. मामीला पासबुकाबद्दल विचारलं तर तिला वाटलं मी बँकेचं विचारतेय.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एकदा नव्या विंगजवळ गेले आणि सळई बांधणाऱ्या एका मुलाला त्याची हजेरी विचारली. माझ्याच वयाचा असेल. तो म्हणाला, "हिसाब तो घर जाते टाइम होगा, दीदी." मी काकांना हे सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग गेटची वही बंद करून म्हणाले, "तुझे मामा यंदा गेले का गं?"

गेले. या वेळी धाकटीलाही शाळेतून काढून सोबत नेलंय, पालावर बाळाला सांभाळायला.