तलफेच्या वेळी फोन कोण उचलणार?

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन हे टायरच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात न्यूयॉर्कहून आलेला शेअरबाजारातला एक माणूस येरझाऱ्या घालत होता. एका कंपनीचा ताबा मिळवायला तो आला होता, पण तो डाव फसला होता. खिसा जवळजवळ रिकामा, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. दालनाच्या एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. बिल विल्सन फोनकडे वळला. यादीतल्या एका धर्मगुरूंना फोन करून तो म्हणाला, दारू सुटत नाही असा कुणी तुमच्या माहितीत असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय. फोनाफोनी होत होत दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटं द्यायला कबूल झाले होते. बोलणं सहा तासांहून जास्त चाललं. त्यानंतर १० जून १९३५ रोजी डॉ. स्मिथ यांनी शेवटची दारू घेतली. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे 'एए' तोच दिवस आपला स्थापनादिन मानते.

विल्सन डॉक्टरांना वाचवायला गेला नव्हता. त्याला स्वतःला त्या संध्याकाळी बारमध्ये जायचं नव्हतं, म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता. व्यसनमुक्तीच्या स्वमदत गटाचं सगळं सार या भेटीत आहे. बोलणारा स्वतः त्यातून गेलेला असतो, त्यामुळे तो उपदेश करत नाही. इथे सांगितलेलं बाहेर जात नाही. आणि मदत तलफेच्या घडीला मिळते, सोमवारी सकाळी दहाला नाही. आज ही मदत मोबाइलवर येऊ लागली आहे. तिथे हे तीन गुण शाबूत राहतात का, याची तपासणी या लेखात करायची आहे.

टपालातून भरलेली मीटिंग

दूर राहून आधार देण्याची कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. एएचं 'ग्रेपवाइन' हे मासिक जून १९४४ मध्ये सुरू झालं. ज्यांच्या गावात गट नव्हता त्यांच्यासाठी ती छापील मीटिंगच होती. १९४० च्या दशकातच तेलवाहू जहाजाच्या एका कप्तानाने पत्रव्यवहारातून समुद्रावरच्या सदस्यांची साखळी बांधायला घेतली. बोटीवरचे आणि आडगावात एकटे पडलेले लोक एकमेकांना पत्रं लिहीत आणि तेवढ्यावर कोरडे राहात.

भारतात एए रुजली ती १९५७ मध्ये, दिल्लीत आलेल्या एका कॅनेडियन सदस्याच्या खटपटीतून. पण तिचं पहिलं बस्तान बसलं मुंबईत. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून 'कृपा फाउंडेशन'चं काम सुरू केलं. पुढे गर्द या अमली पदार्थाने शहरं पोखरायला सुरुवात केली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभं राहिलं. त्यामागचं वैद्यकीय बळ डॉ. सुनंदा अवचट यांचं. बरा झालेला माणूसच पुढे येणाऱ्याला धीर देतो, घरी गेल्यावर फॉलोअप सुटू द्यायचा नाही आणि पत्नीचाही 'सहचरी' हा वेगळा गट हवा, हे महाराष्ट्राने मुक्तांगणकडून शिकावं असं आहे. एएमध्येही बिल विल्सनची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन' ही वेगळी चळवळ आकाराला आली होती.

अडतीसमधला एक

एवढी परंपरा असूनही मदत किती जणांपर्यंत पोचते? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार दहा ते पंचाहत्तर वयोगटातले १४.६ टक्के भारतीय दारू पितात आणि ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाला होता आणि १८० जणांमागे एकाला दाखल होऊन उपचार घेता आले होते.

ही दरी केवळ डॉक्टर वाढवून भरणार नाही, हे गोव्यात दिसलं. तिथल्या 'संगथ' या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, जास्त पिणाऱ्या पुरुषांशी त्यांनी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी या गटातल्या ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात पूर्ण अवलंबित्व असलेले रुग्ण नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही साध्या माणसाचं नीट शिकवलेलं बोलणं उपयोगी पडतं, एवढं त्यातून सिद्ध झालं.

स्वमदत गटांबद्दलचा भक्कम पुरावा वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन'च्या २०२० च्या आढाव्यात आहे. २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी यांची छाननी केल्यावर असं दिसलं, की एए आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांत वर्षानंतर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के होते, तर इतर मान्य उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. संशोधकांच्या मते यामागचं एक मोठं कारण अगदी व्यवहारातलं आहे. माणसाची बैठक बदलते. पिणारे मित्र मागे पडतात, न पिणारे जवळ येतात.

टाळेबंदीतली परीक्षा

२४ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दारूची दुकानं मिटली आणि मीटिंगच्या खोल्याही मिटल्या. केरळमध्ये दारू न मिळाल्याने आत्महत्या होऊ लागल्यावर सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला. डॉक्टरांनी विरोध केला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढच्या वर्षीच्या निर्बंधांत, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. दुकानाला कुलूप लावलं म्हणून व्यसन थांबत नाही.

त्याच काळात जगभरच्या मीटिंगा झूमवर गेल्या. खेड्यातला माणूस शहरातल्या शेअरिंगला बसू लागला, आखातात नोकरीला असलेला घरच्या भाषेतल्या गटात येऊ लागला. घराबाहेर पडता न येणाऱ्या बायकांना तर प्रथमच दार उघडं झालं. व्यसनी पुरुषाला घर सांभाळून घेतं, व्यसनी बाईला लपवतं. त्यामुळे ही सोय तिच्यासाठी अधिक मोलाची. पण खुल्या लिंकमधून टवाळखोरही शिरले. अमेरिकेतल्या काही मीटिंगांत त्यांनी कॅमेऱ्यासमोर दारू पिऊन दाखवली. तेव्हापासून गटांनी दारावर माणूस बसवला: लिंक जाहीर टाकायची नाही, आधी प्रतीक्षाकक्षात घ्यायचं, दोन शब्द बोलून मग आत सोडायचं.

यंत्राकडून काय घ्यावं

मोबाइल खरोखर उपयोगी पडतो का, याची एक चांगली चाचणी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड गुस्ताफसन यांच्या चमूने केली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. निवासी उपचार संपवून घरी निघालेल्या ३४९ रुग्णांपैकी निम्म्यांना 'ए-चेस' नावाचं ॲप असलेला फोन दिला. त्यात गटाशी बोलायची सोय होती, जुन्या अड्ड्याजवळ गेलं की इशारा मिळायचा आणि तलफ आली की दाबायचं एक बटण होतं. ते दाबलं की आधाराच्या माणसांपर्यंत निरोप जायचा. वर्षभरात विचारणा झाली तेव्हा आधीच्या तीस दिवसांत जास्त प्यायल्याचे दिवस ॲपवाल्यांत सरासरी १.३९ होते, इतरांत २.७५.

यातलं बटण महत्त्वाचं. तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते. ती उतरेपर्यंतची मिनिटं कुणाच्या तरी सोबतीत काढणं एवढाच तेव्हाचा प्रश्न असतो. पोटात भूक, डोक्यात राग, एकटेपणा, थकवा, यातलं काहीही तिला चढवतं, असं गटात नव्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. अशा माणसापुढे लांबलचक मजकूर, पासवर्ड आणि फॉर्म ठेवणं म्हणजे त्याला परत पाठवणं. एका स्पर्शात माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे, तोही मराठीत. व्हिडिओचा आग्रह नको. नेट कमी असतं आणि चेहरा दाखवायची तयारी नसते. वाचायचा कंटाळा असलेल्याला व्हॉइस मेसेज पुरतो.

दिवस मोजण्याबाबत मात्र सावध राहायला हवं. बहुतेक ॲपमध्ये 'सोबर' दिवसांचा आकडा असतो आणि स्लिप झाली, म्हणजे मध्येच पुन्हा पिणं झालं, की तो शून्यावर येतो. सुरुवातीला हा आकडा बळ देतो. पण मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दाखवून दिलं, की एका घोटानंतर माणूस 'आता सगळं गेलंच आहे' या विचाराने अधिक पितो. पुन्हा पूर्ण घसरण होते ती त्या निराशेमुळे. मग दोनशे दिवसांचा आकडा पुसून टाकणारं ॲप या निराशेत भरच घालतं. एकूण कोरडे दिवस कायम ठेवावेत, स्लिपची नोंद वेगळी व्हावी आणि त्या रात्री अभिनंदनाच्या चित्रांऐवजी गटातल्या कुणाचा तरी फोन यावा. चांगल्या मीटिंगमध्ये स्लिप होऊन आलेल्याला खुर्ची सरकवून देतात, तशीच रीत पडद्यावर हवी.

नाव फुटलं तर?

सगळ्यात कच्चा दुवा गुप्ततेचा आहे. 'मॉन्युमेंट' ही दारूवर ऑनलाइन उपचार देणारी अमेरिकी कंपनी. तिने आणि तिच्यात विलीन झालेल्या 'टेम्पेस्ट'ने एक लाखाहून अधिक रुग्णांची माहिती जाहिरात कंपन्यांकडे पोचल्याचं २०२३ मध्ये कबूल केलं. पानावर बसवलेले जाहिरातीचे छुपे कोड ती माहिती फेसबुक, गूगलसारख्यांकडे पाठवत होते. सेवा शंभर टक्के गोपनीय असल्याचं वचन कंपनीने दिलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातीसाठी आरोग्याची माहिती देण्यास तिला मनाई केली. त्याआधी, २०१७ मध्ये, गूगलला व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिरातींवर निर्बंध आणावे लागले होते, कारण हतबल कुटुंबं शोधायला बसली की दलालांच्या हाती लागत होती.

आपल्याकडे दुखणं वेगळं आहे. बहुतेक गट व्हॉट्सॲपवर चालतात आणि तिथल्या साध्या गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. नंबरवरून नाव आणि फोटो काढायला वेळ लागत नाही. म्हणजे गुप्ततेवर उभ्या असलेल्या चळवळीचं हजेरीपत्रक दारावर लावल्यासारखं झालं. शिवाय घरात फोन एक आणि हात अनेक. पडद्यावर आलेल्या सूचनेत 'दारू' हा शब्द दिसला तरी सून, मुलगा, साहेब यांच्यापुढे बिंग फुटतं.

कायद्याचा आधार आहे, पण तो गटचालकांना ठाऊक असायला हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारही येतात. कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि कलम २४ ची बंधनं डिजिटल माहितीलाही लागू होतात. अमली पदार्थांच्या बाबतीत भीती आणखी खोल असते, कारण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली सेवन हाच गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला विशिष्ट अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. ही गोष्ट गर्दवर असलेल्या पोराच्या आईला कुणी सांगत नाही.

गटाने काय करू नये

ऑनलाइन गटाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, थरथर, ताप असं जिवावर बेतणारं विथड्रॉल सुरू होऊ शकतं. त्याला 'आजपासून बंद कर, आम्ही आहोत' असं सांगणं धोक्याचं आहे. आधी डॉक्टर, मग गट. गटाने गोळ्या सुचवू नयेत, केंद्रांची दलाली करू नये आणि माल विकायला शिरणाऱ्याला तत्काळ बाहेर काढावं. जीव द्यायची भाषा करणाऱ्यासाठी काय करायचं, हे सांभाळणाऱ्या सदस्यांनी आधीच शिकून ठेवलेलं असावं.

माझं मत एका वाक्यात सांगायचं तर असं: व्यापारी ॲप माणसाला किती वेळ धरून ठेवलं यावर यश मोजतं, व्यसनमुक्तीच्या गटाने तो किती लवकर दुसऱ्या माणसापर्यंत पोचला यावर मोजावं. महाराष्ट्रात अनुभवी संस्था आहेत, वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले हजारो मित्र आहेत, पुण्या-मुंबईत आणि परदेशात संगणकातले मराठी जाणकारही आहेत. नाव आणि नंबर न मागणारी, जाहिरात न घेणारी, रात्री दोन वाजता मराठीत बोलणारी एक सामाईक व्यवस्था त्यांनी मिळून उभारावी. तिला लागणारा पैसा एखाद्या मंडळाच्या मिरवणुकीहून जास्त नसेल.

तोवर वाचकांसाठी इतकंच. घरात कुणी यात अडकलं असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. एखाद्या केंद्रात दाखल करायचं असेल, तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली त्याची नोंदणी झाली आहे का ते आधी विचारा. आणि पिणारा यायला तयार नसला, तर कुटुंबीयांच्या गटात तुम्ही स्वतः आधी जा.