एक गिटार आणि सत्तर हजार श्रोते

नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला. सत्तर हजारांवर लोक जमले होते आणि साठाहून अधिक देशांत तो दूरदर्शनवर दिसत होता. नामवंत गायक स्टीव्ही वंडर यांच्या वाद्याची संगणक-तबकडी ऐनवेळी सापडेना. रिकामा रंगमंच कोण सांभाळणार? दुपारी एकदा गाऊन गेलेली एक कृष्णवर्णीय तरुणी पुन्हा पुढे आली. सोबतीला वाद्यवृंद नाही, फक्त एक गिटार. तिचे नाव ट्रेसी चॅपमन.

ट्रेसीचा जन्म १९६४ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड या कारखान्यांच्या शहरात झाला. आईवडील विभक्त झाले आणि दोन मुलींचा भार एकट्या आईवर पडला. घरात पैशाची चणचण, तरीही लेकीची आवड ओळखून आईने ती तीन वर्षांची असतानाच तिला छोटे तंतुवाद्य घेऊन दिले. आठव्या वर्षी ती गिटार वाजवू लागली, गाणी रचू लागली. पुढे शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत शिकली आणि टफ्ट्‌स विद्यापीठातून मानववंशशास्त्राची पदवीधर झाली. शिकत असताना ती रस्त्याच्या कडेला उभी राहून गात असे.

वेम्बलीत तिने म्हटलेले 'फास्ट कार' हे गाणे गरीब घरातल्या मुलीचे आहे. दारुड्या बापाला सांभाळण्यासाठी ती शाळा सोडते, दुकानात राबते, चांगल्या दिवसांची आस धरते. पण जोडीदारही अखेर बापाच्याच वाटेने जातो. ही कथा कुठल्या वस्तीला परकी आहे? म्हणूनच एवढा जनसमुदाय शांत होऊन ऐकत राहिला. काही आठवड्यांतच तिचा पहिला गीतसंग्रह इंग्लंड व अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

त्याच वर्षी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाली. त्यानिमित्त ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने काढलेल्या जगदौऱ्यात ट्रेसी सामील झाली. सहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. आफ्रिकेत हरारे व आबिद्जान, तर आपल्याकडे ३० सप्टेंबरला नवी दिल्ली!

मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले. ट्रेसीचे गाणे मात्र थांबले नाही. २०२३ साली ल्यूक कोम्ब्स या गायकाने 'फास्ट कार' पुन्हा गायिले आणि अमेरिकेतील कंट्री संगीताचा वर्षातील सर्वोत्तम गीताचा पुरस्कार त्याला मिळाला. गीतकार म्हणून तो मिळवणारी ट्रेसी ही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली.

वाचकहो, त्या आईने पोरीला गाणे सोडून अभ्यास कर म्हटले नाही, की अभ्यास सोडून गाणे कर म्हटले नाही. दोन्ही जपले. आपल्या घरातही एखादी लेक भांडी घासताना स्वतःची ओळ गुणगुणत असेल. तिला गप्प बसवू नका. तिच्या हाती वही द्या, जमेल तेव्हा वाद्यही द्या.