आधी कान, मग तोंड

हवाई बेटांवर सोमवारी संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा पुण्यात मंगळवार सकाळचे साडेनऊ झालेले असतात. झूमवरचा हवाईयन भाषेचा आमचा वर्ग याच वेळी भरतो. बहुतेक विद्यार्थी लास वेगास किंवा कॅलिफोर्नियात राहणारे हवाईयन; आजी-आजोबांची भाषा शिकायला आलेले. ‘अलोहा’ झाले की प्रत्येकाने नाव, गाव आणि तिथली नदी किंवा डोंगर सांगायचा. मी मुठा नदीचे नाव घेतो.

एरवी भाषेच्या वर्गात वाक्ये सगळे मिळून म्हणतात. इंटरनेटवर प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचतो आणि सूर विस्कटतो. म्हणून आमच्या कुमू, म्हणजे शिक्षिका, सगळ्यांचे माइक बंद ठेवतात. आपापल्या खोलीत मोठ्याने म्हणायचे, मग एकेकाने माइक सुरू करून ऐकवायचे.

या भाषेत स्वर पाच आणि व्यंजने आठच. त्या आठांतले एक म्हणजे ओकिना: गळा क्षणभर बंद करून पुढचा स्वर सोडायचा. ‘पाउ’ म्हणजे संपले. मध्ये ओकिना आला की अर्थ होतो काजळी; ओकिना ठेवून दोन्ही स्वर लांबवले की बायकांचा घागरा. नेटवर्क अडखळून आवाज तुटला तरी ओकिनाचा भास होतो. शंका आली की कुमू तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावतात, घाई अजिबात करत नाहीत.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद हवाईयनमध्येही आहे, त्यामुळे तिथे मराठी माणूस अडत नाही. दोघांसाठीची वेगळी सर्वनामे आणि वाक्याच्या सुरुवातीला येणारे क्रियापद मात्र घोटावे लागते. त्या सरावाला 2018 मध्ये ड्युओलिंगोवर आलेला अभ्यासक्रम उपयोगी पडतो. शब्द अडला तर ‘वेहेवेहे’ हा ऑनलाइन कोश आहे.

या सोयींमागे मोठी झुंज आहे. 1896 च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे झाले आणि हळूहळू घराघरांतून ही भाषा मुलांपर्यंत पोचेनाशी झाली. 1978 मध्ये तिला हवाईच्या राज्यघटनेत इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान मिळाले. 1983 मध्ये ‘आहा पूनाना लेओ’ ही संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी काउआई बेटावर तिची पहिली बालवाडी सुरू झाली. त्याआधी, 1972 पासून, लॅरी किमुरा यांनी ‘का लेओ हवाई’ या रेडिओ कार्यक्रमात जन्मापासून हवाईयन बोलणाऱ्या वृद्धांना बोलते केले. त्या ध्वनिफिती आज ‘कानिआइना’ या संग्रहात कुणालाही ऐकता येतात.

माझा खरा अभ्यास तिथे होतो. मिनिटभराचा तुकडा ऐकायचा, लिहून काढायचा, पुन्हा ऐकून तपासायचा. एकोणिसाव्या शतकातल्या हवाईयन वृत्तपत्रांत ओकिना आणि स्वरांची लांबी सहसा छापलेली नसे. वाचकांच्या कानात ते उच्चार होतेच. आज ती पाने ऑनलाइन वाचता येतात, पण कान तयार नसेल तर अर्थ निसटतो.

ॲप वाक्य बरोबर की चूक ते सांगते, कुमू उच्चार घडवतात. पण भाषेची चाल कळते ती त्या वृद्धांकडूनच. हवाईयन ऑनलाइन शिकू पाहणाऱ्याने म्हणूनच निम्मा वेळ ऐकण्याला द्यावा. ज्या लोकांनी ती एवढ्या कष्टाने जपली, त्यांची भाषा नीट उच्चारणे हे दुरून शिकणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.