बोट, श्वास आणि औषध

दम्यात श्वासनलिका रुंदावणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. श्वासातून घ्यायच्या पंपाच्या, म्हणजे इनहेलरच्या, एका फवाऱ्यात १००. चाळीसपट कमी. गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते आणि आराम पडायला बराच वेळ जातो. फवाऱ्याने पाचेक मिनिटांत छाती मोकळी होऊ लागते, कारण औषध पोट आणि रक्त असा वळसा न घेता थेट श्वासनलिकेत उतरतं. असं असूनही आपल्या घरांत गोळी साधी आणि पंप जहाल मानला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

श्वासातून औषध घेणं जुनंच. धोत्र्याचा धूर ओढण्याचा आपल्याकडचा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून ब्रिटनला पोचला. आजचा पंप मात्र १९५६ सालचा, अमेरिकेतल्या रायकर कंपनीचा. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं, केसांवर मारतात तशा फवाऱ्यातून माझं औषध का मिळत नाही?

त्या पंपाबरोबरच एक अडचण आली आणि पुढचं बरंचसं संशोधन तिच्याशीच झुंजत राहिलं. फवारा सुसाट सुटतो. बोट दाबणं आणि श्वास ओढणं एका वेळी जमलं नाही, तर औषध घशावर आदळतं. कणही एक ते पाच मायक्रॉनचेच हवेत. मोठे घशात अडकतात, अतिबारीक उच्छ्वासाबरोबर परत जातात.

भुकटीच्या उपकरणांनी, म्हणजे आपल्या ओळखीच्या रोटाहेलरने, वेळ जुळवण्याची कटकट संपवली: ओढाल तेव्हाच भुकटी उडते. पण इथे श्वास जोरात ओढावा लागतो, पंपाला तो संथ लागतो. दोन्ही वापरणाऱ्याची गफलत होणारच, आणि धाप लागलेल्या लहान मुलाने तो जोर आणायचा कुठून? म्हणून श्वास ओढताच आपसूक सुटणारे पंप आले. स्प्रिंगच्या बळावर, फवारा ढकलणाऱ्या वायूशिवाय मंद तुषार सोडणारं रेस्पिमॅट आलं. थरथरत्या जाळीचे नेब्युलायझर हातात मावू लागले. श्वासाची नोंद ठेवणाऱ्या डिजिटल इनहेलरला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पंपातला नेहमीचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक पृथ्वी तापवतो, म्हणून तोही बदलला जात आहे.

माझ्या मते सर्वांत मोठा बदल उपकरणाचा नाहीच. २०१९ मध्ये ‘गिना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने सांगितलं, की मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी केवळ श्वासनलिका रुंदावणाऱ्या पंपावर राहू नये. आराम देणाऱ्या फवाऱ्यातच श्वासनलिकांची सूज उतरवणारं स्टिरॉइड असावं. नलिका रुंदावणारं फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड एकत्र, तसं. भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत आणि जगातले दम्याचे चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू इथेच होतात. आराम पडला की सुजेचं औषध बंद करण्याची आपली सवय पाहता, हे एकत्रीकरण आपल्याला सर्वांत जास्त लागू आहे.

आणि स्पेसर! पंपाला जोडायची ही पोकळ नळी फवाऱ्याचा वेग मोडते, बोट आणि श्वासाचं भांडण मिटवते. लहान मुलांसाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. केपटाऊनमध्ये हेदर झार आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला पंपाच्या मापाचं भोक पाडून दमेकरी मुलांना औषध दिलं. १९९९ साली त्यांनी दाखवून दिलं, की ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरते. स्पेसर विकतचा असला तर साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसला, की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि मुलाच्या छातीत जायचं औषध नळीलाच चिकटून राहतं.